‘ओके, नाईस’च्या पुढे काय बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात नोकरी. हंगामात रोज रॉटरडॅम नाहीतर लंडनच्या माणसाशी फोन. रेट, पॅकिंग, कंटेनर कधी लागला, हे सगळं इंग्रजीत व्यवस्थित जमतं. पण परवा पलीकडचा माणूस म्हणाला, ‘वी हॅड अ बेबी गर्ल ऑन संडे’, आणि इकडून निघालं फक्त ‘ओके, नाईस’. मग दोन्हीकडे शांतता आणि पुन्हा कंटेनर. अशा वेळी बोलायचं काय?

आधी एक सांगतो, ‘नाईस’ हा शब्द चुकीचा नाही. चूक झाली ती वेगळ्या तीन ठिकाणी: शब्द उशिरा आला, सपाट आला आणि त्याच्या पुढं काहीच आलं नाही. पहिल्या शब्दापेक्षा ही तिसरी गोष्ट जास्त लागते.

हीच बातमी तासगावच्या एखाद्या बागायतदारानं मराठीत सांगितली असती तर तुम्ही काय म्हणाला असता? ‘अरे वाऽ! काय सांगताय! कधी? आणि पेढे कुठायत?’ हे नीट बघा. पहिल्यांदा नुसता आवाज, मग खोटा अविश्वास, मग प्रश्न, मग वाटा मागणं. कुणी न शिकवता चार पायऱ्या झाल्या. इंग्रजीत पहिल्या तीन जशाच्या तशा चालतात, चौथी चालत नाही. आणि आपली गोची इथंच होते, कारण आपल्याकडे आनंदात सामील झाल्याचं पेढ्यांमधून दिसतं. साताऱ्याचे कंदी पेढे मागितले म्हणजे ‘तुझा आनंद तो माझा’ असं सांगून झालं. इंग्रजी बोलणारा माणूस तेच काम एका प्रश्नातून करतो. म्हणून बातमीनंतर प्रश्न आला नाही, की त्याला वाटतं, याला काही घेणंदेणं नाही.

तर साचा असा ठेवा: एक उद्गार, एक वाक्य त्याच्याबद्दल, एक प्रश्न. आणि प्रश्न विचारला की गप्प बसायचं.

‘वी हॅड अ बेबी गर्ल ऑन संडे.’
‘ओह, दॅट्स वंडरफुल! काँग्रॅच्युलेशन्स! यू मस्ट बी सो हॅपी. हाऊ आर मदर अँड बेबी डुइंग?’

एवढंच. म्हणायला पाच-सहा सेकंद लागतात. यातला शेवटचा प्रश्न पाठच करून ठेवा. बाळाच्या बातमीवर तो इंग्लंडात चालतो, हॉलंडात चालतो, बंगळुरूच्या सहकाऱ्यालाही चालतो. उत्तर येईल, ‘बोथ आर डुइंग वेल, थँक्स’, आणि तो आपणहून दोन वाक्यं जास्त सांगेल. मग ‘गिव्ह देम माय बेस्ट’ म्हणा आणि खुशाल कंटेनरकडे वळा. आता तो विषय तोडल्यासारखा वाटणार नाही.

आता उशीर. बोलण्यात एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सरासरी पाव सेकंदाच्या आत-बाहेर वेळ जातो. जगातल्या वेगवेगळ्या भाषांमध्ये हे मोजून झालेलं आहे. होकार आणि आनंद लगेच येतो, नकार आणि नाराजी थांबून येते, हे प्रत्येकाचा कान लहानपणापासून शिकलेला असतो. त्यामुळे तुम्ही मनातल्या मनात वाक्य जुळवत दीड सेकंद थांबलात की पुढं कितीही सुंदर वाक्य आलं तरी ते ओढूनताणून आणलेलं वाटतं. त्यात परदेशी फोनला आवाज पोचायला मुळातच वेळ लागतो. उपाय सोपा आहे: पहिला उद्गार व्याकरण नसलेला ठेवा. ‘ओह!’, ‘वॉव!’, ‘ओह, रिअली?’ यांना जुळवणी लागत नाही. हे तोंडातून जाईपर्यंत डोकं पुढचं वाक्य तयार करतं. मराठीतला ‘अरे वा’ हेच करतो की.

मग सूर. यावर थोडा वेळ घालवू, कारण घोडं सगळ्यात जास्त इथं पेंड खातं. मराठीत जोर द्यायला आपल्याकडे एक छोटं अक्षर आहे, ‘च’. ‘छान’ म्हणजे ठीक आहे, ‘छानच’ म्हणजे खरोखर छान. ‘भारी’ आणि ‘भारीच’ यांतही तोच फरक. जोर अक्षरानं दिला जात असल्यामुळे सूर थोडा सपाट राहिला तरी निभावतं. इंग्रजीत ‘च’ नाही. तिथं ते काम दोन गोष्टी करतात: सूर आणि ‘सो’, ‘रिअली’, ‘सच’ हे शब्द. ‘आय ॲम हॅपी फॉर यू’ म्हणजे ‘छान’. ‘आय ॲम सोऽ हॅपी फॉर यू’ म्हणजे ‘छानच’. आपण मात्र ‘च’च्या जागी ‘व्हेरी’ घालतो, ‘व्हेरी गुड, व्हेरी व्हेरी गुड’, आणि ते वहीवर लाल पेनानं शेरा मारल्यासारखं ऐकू येतं. शिवाय ‘वंडरफुल’, ‘फँटास्टिक’, ‘अमेझिंग’ हे शब्द आधीच टोकाचे आहेत, त्यांच्यामागे ‘व्हेरी’ लागत नाही. लावायचंच असेल तर ‘ॲब्सोल्यूटली’ लावा.

सुरात नेमकं करायचं काय? आपण इंग्रजी बोलताना चुकायची भीती असते, म्हणून आवाज मिरजेच्या तंबोऱ्याच्या एकाच तारेसारखा एका जागी धरून ठेवतो. इंग्रजीत आनंदाचा सूर वर सुरू होतो आणि जोराच्या अक्षरावरून खाली घसरतो. ‘दॅट्स ग्रेट’मध्ये ‘दॅट्स’ लहान, ‘ग्रेऽट’ उंचावरून खाली. तेच ‘ग्रेट’ खालच्या पट्टीत, आखूड म्हटलं तर अर्थ उलटा होतो: ‘झालं, आता हे आणि’. टायर पंक्चर झाल्यावर इंग्रज माणूस तसंच ‘ग्रेट’ म्हणतो.

यासाठी एक व्यायाम आहे. मोठ्यानं ‘अरे वाऽऽ!’ म्हणा, आणि श्वास न घेता त्याच चालीवर ‘दॅट्स वंऽडरफुल!’ म्हणा. ‘वा’ जिथं चढतो तिथंच ‘वं’ चढला पाहिजे. दहा वेळा असं करा, मग ‘अरे वा’ मनात म्हणा आणि इंग्रजी तेवढं उघड. मोबाईलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःला नाटकी वाटेल. पण सपाट सुरात आयुष्य गेलेल्या कानाला नाटकी वाटतं ते पलीकडच्याला जेमतेम नॉर्मल वाटतं, म्हणून वाटतंय त्यापेक्षा थोडं जास्तच करा.

‘काँग्रॅच्युलेशन्स’चा उच्चार लगेच बघून घेऊ. कन-ग्रॅ-च्यु-ले-शन्झ, पाच तुकडे, मुख्य जोर चौथ्यावर, म्हणजे ‘ले’वर. आपण बहुतेक वेळा पहिल्या ‘कॉं’वर जोर देतो आणि शेवटचा ‘झ’ गिळून टाकतो. अभिनंदन करताना हा शब्द कायम अनेकवचनीच असतो. ‘काँग्रॅच्युलेशन’ असं एकट्यानं कुणी म्हणत नाही. ‘च्यु’ऐवजी ‘ज्यु’ झालं तर बिघडत नाही, कितीतरी अमेरिकन तसंच म्हणतात. पाच तुकडे जड वाटले तर बरोबरीच्या माणसाला ‘कन्ग्रॅट्स’ पुरतं. त्याच्यापुढं ‘ऑन’ येतो: ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन द न्यू जॉब’, ‘ऑन पासिंग द एक्झाम’. आपल्याकडे फ्लेक्सवर ‘फॉर’ दिसतो, समजतोही, पण सवय ‘ऑन’ची लावा.

दुसरी एक चूक इतकी सर्रास होते, की चांगलं इंग्रजी बोलणारेही त्यात सापडतात: ‘व्हॉट अ गुड न्यूज!’ मराठीत बातमी एक, बातम्या दोन. इंग्रजीत ‘न्यूज’ मोजता येत नाही, पाण्यासारखी आहे. त्यामुळे ‘अ’ काढायचा: ‘व्हॉट ग्रेट न्यूज!’ सांगतानाही ‘आय हॅव अ गुड न्यूज’ नाही, ‘आय हॅव सम गुड न्यूज’. आणि ‘न्यूज आर’ नाही, ‘न्यूज इज’.

मराठीतून उचलून आणलेली वाक्यं कुठं अडकतात, ते आता सांगतो. ‘काय सांगताय!’चं ‘व्हॉट आर यू सेइंग?’ केलं तर पलीकडच्याला वाटतं, याला पटलेलं नाही किंवा ऐकू आलेलं नाही. तो बिचारा पुन्हा सगळं सांगतो. तिथं ‘नो वे!’ किंवा ‘यू आर किडिंग!’ हवं, तेही बरोबरीच्या माणसाला. ‘माझ्याकडून अभिनंदन’चं ‘काँग्रॅच्युलेशन्स फ्रॉम माय साइड’ होतं. शेवटचे तीन शब्द कापून टाका. ‘पुढील वाटचालीस शुभेच्छा’ ही आपली सत्कार समारंभातली ओळ, तिचं ‘बेस्ट विशेस फॉर युअर फर्दर जर्नी’ केलं की माणूस रेल्वेनं निघाल्यासारखं वाटतं. ‘ऑल द बेस्ट विथ द न्यू जॉब’ म्हणा. आणि ‘एकदाचं झालं बाबा!’ हे आपण प्रेमानं म्हणतो, पण त्याचं ‘फायनली!’ टोचतं, कारण त्यात ‘किती उशीर लावलास’ हे ऐकू येतं. लग्न, प्रमोशन आणि मूल या तीन विषयांत तर ते तोंडातून काढूच नका. ‘अ‍ॅट लास्ट’चंही तसंच.

कुणी कुणाला काय म्हणायचं, हेही पाहावं लागतं. ‘वेल डन’, ‘गुड जॉब’, ‘कीप इट अप’ वरून खाली जातात: शिक्षक विद्यार्थ्याला, साहेब हाताखालच्याला. गिऱ्हाइकानं किंवा तुमच्या मॅडमनी मोठं काम मिळवल्याचं सांगितलं आणि तुम्ही ‘कीप इट अप’ म्हणालात तर धाकट्यानं थोरल्याची पाठ थोपटल्यासारखं होतं. त्यांना ‘दॅट्स फँटास्टिक न्यूज, यू मस्ट बी डिलाइटेड’ म्हणा. ‘आय ॲम प्राउड ऑफ यू’ मुलाला, विद्यार्थ्याला, फार तर जवळच्या मित्राला. ‘गुड फॉर यू’ जपून वापरा. सूर थोडा जरी पडला तर त्याचा अर्थ ‘असेल, मला काय’ असा होतो. ‘लकी यू!’ फक्त नशिबाच्या गोष्टींना, जसं की कुणी म्हणालं, पुढच्या आठवड्यात सुट्टीवर चाललोय. रात्रीचा दिवस करून परीक्षा पास झालेल्याला ‘लकी यू’ म्हणणं म्हणजे त्याच्या मेहनतीवर पाणी ओतणं. तिथं ‘यू रिअली डिझर्व्ह इट’ शोभतं.

प्रश्न विचारायचा म्हटल्यावर आपल्याकडचे ठरलेले प्रश्न आधी ओठांवर येतात: ‘पॅकेज किती?’, ‘किती टक्के पडले?’, ‘फ्लॅट केवढ्याला बसला?’, आणि बाळंतपण असेल तर ‘नॉर्मल का सिझर?’. आपल्यात यात आपुलकी असते, पण इंग्रजीत पहिल्या भेटीत हे चारही बंद ठेवा. त्याऐवजी ‘केव्हा’ आणि ‘कसं’ यांनी सुरू होणारे प्रश्न घ्या. नोकरीवर ‘व्हेन डू यू स्टार्ट?’, निकालावर ‘हाऊ डिड यू फाइंड आउट?’, लग्न ठरल्यावर ‘हॅव यू सेट अ डेट?’, घरावर ‘व्हेन डू यू मूव्ह इन?’. क्रियापदाची जागा सांभाळा; ‘व्हेन यू आर स्टार्टिंग?’ असं बाहेर पडतं, कारण मराठीत प्रश्न विचारताना शब्दांची जागा बदलत नाही.

बाळ अजून पोटात असेल तर एक गंमत लक्षात ठेवा. तिकडे ‘डू यू नो व्हॉट यू आर हॅविंग?’ असं सहज विचारतात, मुलगा की मुलगी या अर्थानं. आपल्याकडे १९९४च्या कायद्यानं गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, त्यामुळे असा प्रश्न कानावर आला की आपण दचकतो. तुम्ही विचारायची गरज नाही, ‘व्हेन इज द बेबी ड्यू?’ पुरतं. पण त्यानंच सांगितलं तर दचकू नका. आणि आपलं ‘एनी गुड न्यूज?’, म्हणजे लग्न झालेल्यांना ‘गोड बातमी कधी?’, हे भारतातल्या इंग्रजीबाहेर कुणाला कळत नाही. कळलं तरी आवडणार नाही.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांनी २००४ मध्ये सहकाऱ्यांबरोबर जोडप्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादाचे चार प्रकार मांडले आहेत: उत्साहानं सामील होणारा, शांतपणे ‘छान’ म्हणणारा, खोट काढणारा आणि दुर्लक्ष करणारा. जोडीदार पहिल्या प्रकारचा असेल तर माणसं आपलं नातं चांगलं असल्याचं सांगत होती. बाकी तिन्ही प्रकारांत चित्र उलटं होतं. म्हणजे ‘ओके, नाईस’ हा दुसरा प्रकार आपण समजतो तितका निरुपद्रवी नाही. आणि तिसऱ्या प्रकारात तर आपण पटाईत आहोत. ‘पुण्यात नोकरी? अहो, पण तिथलं घरभाडं!’ काळजीपोटीच बोलतो, पण भाड्याचा विषय दुसऱ्या दिवशी काढता येतो. ‘आमच्या पुतण्याचंही तिथंच झालं’ हेही तसंच. आधी त्याची गोष्ट पुरी होऊ द्या.

प्रत्येक चांगल्या बातमीला अभिनंदन लागत नाही. कंटेनर बंदरावर अडकला होता तो सुटला, आईचे रिपोर्ट चांगले आले, मुलगा सुखरूप पोचला: इथं कुणी काही जिंकलेलं नाही, फक्त जीव भांड्यात पडलाय. इथं ‘काँग्रॅच्युलेशन्स’ विचित्र वाटतं. ‘ओह, व्हॉट अ रिलीफ!’ किंवा ‘आय ॲम सो ग्लॅड टु हिअर दॅट’ म्हणा. ‘रिलीफ’ला ‘अ’ लागतो, ‘न्यूज’ला नाही, का, हे विचारू नका, तोंडात बसवा.

अर्धी चांगली बातमी जास्त अवघड. ‘आय गॉट द प्रमोशन, बट इट्स इन बर्मिंगहॅम.’ तो खूश आहे की नाराज, ते अजून कळलेलं नाही. अशा वेळी उद्गार मधल्या पट्टीत ठेवा आणि त्यालाच विचारा: ‘काँग्रॅच्युलेशन्स ऑन द प्रमोशन! अँड हाऊ डू यू फील अबाउट बर्मिंगहॅम?’ तो जो सूर लावेल तो तुम्ही धरा.

आता ऐकायची बाजू, कारण बातमी कधी तुमचीही असेल. तुम्ही गोव्याला चाललात म्हणून कुणी ‘आय ॲम सो जेलस!’ म्हणालं तर ती चेष्टा आहे, दृष्ट लावणं नाही. अमेरिकन माणूस आश्चर्यानं ‘शट अप!’ किंवा ‘गेट आउट!’ म्हणेल, तुम्हाला कुणी हाकललेलं नाही. तुम्ही स्वतः मात्र हे वापरू नका. इंग्रज ‘नॉट बॅड अ‍ॅट ऑल’ म्हणाला तर त्याला बरंच आवडलंय. ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर ‘ठीकठाक’. अभिनंदन झाल्यावर ‘सेम टु यू’ नको, ते सणावाराच्या शुभेच्छांना. ‘तुमच्या आशीर्वादानं’च्या जागी ‘थँक यू, दॅट मीन्स अ लॉट’ बसतं.

रॉटरडॅमचं खास म्हणजे, डच लोक वाढदिवसाला फक्त वाढदिवस असलेल्याचं नाही, तर त्याच्या घरच्यांचंही अभिनंदन करतात. त्यामुळे तुमच्या मुलीचा वाढदिवस आहे असं कळल्यावर तो तुम्हालाच ‘काँग्रॅच्युलेशन्स विथ युअर डॉटर’ म्हणेल. तो ‘विथ’ त्याच्या भाषेतून आलाय, जसा आपला ‘फ्रॉम माय साइड’. हसून ‘थँक यू’ म्हणायचं. आणि बाळ झालं की ते टोस्टवर लोणी लावून त्यावर साखर चढवलेले बडीशेपेसारखे दाणे पसरून वाटतात, मुलीला गुलाबी-पांढरे, मुलाला निळे-पांढरे. म्हणजे पेढ्यांचा विषय त्याच्याशी अगदीच निघू नये असं नाही, फक्त मागू नका, सांगा: ‘हिअर वी गिव्ह आउट स्वीट्स व्हेन अ बेबी इज बॉर्न. व्हॉट डू यू डू?’ हा प्रश्न त्याला दहा मिनिटं बोलायला लावेल.

लिहिताना फार विचार करू नका. व्हॉट्सॲपवर नुसता अंगठा म्हणजे ‘ओके, नाईस’च, त्याऐवजी नाव घालून एक ओळ टाका आणि एक उद्गारचिन्ह, पाच नकोत.

सरावाला रोज दहा मिनिटं पुरतात. दहा चिठ्ठ्यांवर दहा बातम्या इंग्रजीत लिहा: नोकरी, बाळ, निकाल, व्हिसा, लग्न, घर, सुटलेला कंटेनर, बरा झालेला पेशंट, पहिली गाडी आणि एक अर्धी चांगली बातमी. घरातल्या कुणालातरी चिठ्ठी काढून वाचायला सांगा. वाचणाऱ्याचा शेवटचा शब्द संपायच्या आत तुमचं ‘ओह!’ निघालं पाहिजे, मग वाक्य, मग प्रश्न. पहिले चार दिवस फक्त उद्गार आणि सूर, प्रश्न पाचव्या दिवसापासून. दोन आठवड्यांनी चिठ्ठ्या बदला, नाहीतर उत्तरं पाठ होतात आणि पुन्हा सपाट येतात.

तुमच्या त्या फोनचं म्हणाल तर अजून उशीर झालेला नाही. पुढच्या कॉलला कंटेनरच्या आधी विचारा: ‘बाय द वे, हाऊज द लिटल वन?’